घरातल्या दोन भाषांचं मोल

मैत्रिणींनो, गेल्या काही महिन्यांत या सदराच्या पत्रांतून आणि फोनवरून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. ‘ताई, कॉम्प्युटरवर डिझाइन करून ती घरबसल्या विकता येतात म्हणे. खरंच पैसे मिळतात का हो?’ विचारणाऱ्यांत खानापूरकडची नवी सून आहे, निपाणीच्या निवृत्त शिक्षिका आहेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीही आहेत. मी हे काम चार वर्षांपासून करते आहे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्या बरोबरीनं करतात. त्यांचं माहेर धारवाडचं, घरात आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. तेव्हा ऐकीव काही न सांगता आमच्या अनुभवाचंच सांगते.

आधी हे काम म्हणजे काय ते पाहू. आपण एखादी पत्रिका, रांगोळीचा नमुना, मुलांचा गिरवण्याचा तक्ता किंवा भरतकामाचा आराखडा कॉम्प्युटरवर तयार करायचा, त्याची पीडीएफ फाइल करायची आणि ती विकायची. गिऱ्हाईक पैसे देतं, फाइल उतरवून घेतं आणि घरी किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतं. कागद आपला नाही, शाई आपली नाही, पार्सल नाही की पोस्टाची रांग नाही. एकदा केलेलं काम शंभरदा विकता येतं, हीच याची खरी गोडी. मात्र हे जितकं सोपं, तितकंच ते सगळ्यांनाच सोपं आहे. फुग्यांचं चित्र आणि इंग्रजीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, असल्या हजारो डिझाइन बाजारात फुकट पडलेल्या आहेत. मग आपलं कोण घेणार?

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपल्या घरात दोन भाषा नांदतात. मुलांशी मराठी, शेजारी कन्नड, सासर एका भाषेचं तर माहेर दुसऱ्या. बाहेरगावचा कितीही हुशार कलाकार असो, ही शिदोरी त्याच्यापाशी नसते.

लग्नाचीच पत्रिका घ्या. मुलगी मराठी, मुलगा कन्नड, पत्रिका दोन्ही भाषांत हवी. मराठी मजकूर मशीनवर टाकला की कन्नड मजकूर समोर येतो, पण नात्यांची गाडी तिथंच अडते. आपण ‘काका’ म्हणून मोकळे होतो. कन्नडमध्ये वडिलांचा थोरला भाऊ ‘दोड्डप्पा’ आणि धाकटा ‘चिक्कप्पा’. पत्रिकेत थोरल्याला चिक्कप्पा केलं तर मांडवात काय होईल ते मी सांगायला नको! उलट बाजूनं पाहा. कन्नडमधली ‘अत्ते’ म्हणजे आत्या, तीच मामी आणि तीच सासूसुद्धा. मराठीत उतरवताना नेमकी कोणती, हे विचारल्याशिवाय लिहिताच येत नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी नात्यांची यादीच मागतो आणि प्रत्येक नावापुढे थोरले की धाकटे, आईकडचे की वडिलांकडचे, हे लिहून घेतो. लोक पैसे मोजतात ते या विचारपूशीसाठी. वेलबुट्टी तर कुठेही मिळते.

सणांचंही तसंच. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो, तर कन्नड घरात ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ म्हणतात. दोन्ही ओळी शेजारी शेजारी असलेली हळदीकुंकवाची पत्रिका आमच्याकडे दरवर्षी जाते. डोहाळजेवणाला इकडच्या कन्नड घरांत ‘कुबस’ म्हणतात, त्याची वेगळी पत्रिका केली. सणवारांच्या तक्त्यात ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर दोन्ही घातले. शेतीवाडी असलेल्या घरांना दोन्ही लागतात, हे आपल्या भागातल्या बाईला शिकवावं लागत नाही. मुलांचे तक्ते करतानाही हाच विचार केला. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, मराठीत तो भेद नाही. आपल्या घरची मुलं कन्नड शुद्धलेखनात नेमकी तिथंच अडखळतात. म्हणून या अक्षरांचा सराव आम्ही वेगळा दिला आणि तोच तक्ता सर्वांत जास्त मागितला जातो.

आता थोडं कामाच्या तंत्राविषयी. दोन लिपी एका कागदावर बसवणं हे दोन जावा एका स्वयंपाकघरात बसवण्यासारखं आहे, प्रत्येकीला आपापली जागा लागते. कन्नडमधली जोडाक्षरं, म्हणजे ‘ओत्तु’, अक्षराच्या खाली लागतात. मराठीच्या हिशेबानं ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचे ओत्तु खालच्या ओळीवर आदळतात. कन्नड भागात ओळींमधलं अंतर थोडं जास्त ठेवा. अक्षरांचं वळणही जुळायला हवं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेल्या ‘बलू’ या अक्षरकुटुंबात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, फुकट मिळतात आणि विक्रीच्या कामातही वापरता येतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं, तेही पाहून घ्या. आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना ते लगेच खटकतं. नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चिन्हांचा गोंधळ होऊन उघडतो, म्हणून युनिकोडच वापरा आणि पीडीएफ करताना अक्षरं फाइलमध्ये अंतर्भूत झाली आहेत ना, ते तपासा.

आपला ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. ३०० डीपीआयला तो २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. यापेक्षा लहान चित्र ताणून मोठं केलं की छापताना फिसकटतं. अमेरिकेतला नेहमीचा कागद मात्र २१६ बाय २७९ मिलिमीटर असतो, रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला कमी. तिकडच्या लेकीसुनांसाठी वेगळी फाइल द्या, नाहीतर खालची ओळ कापली जाते. कापून घ्यायच्या पत्रिकेला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्त सोडा. आणि विकण्याआधी एक प्रत साध्या झेरॉक्सच्या दुकानात छापून पाहाच. पडद्यावर झळाळणारा मोरपंखी रंग कागदावर पुष्कळदा मलूल उतरतो.

पत्रिकांखेरीज आमचा दुसरा आधार म्हणजे कसुती. धारवाड भागातली ही कला अक्कांच्या हातात माहेरची आहे. कसुतीत कापडावर चित्र छापून घेत नाहीत, धागे मोजून टाके घालतात. गावंती आणि मुरगी या टाक्यांत तर पुढची आणि मागची बाजू सारखीच दिसते, गाठ कुठे दिसायची नाही. नेयगे विणीसारखी दिसते आणि मेंथी हा फुलीचा टाका, नाव मेथीवरून आलेलं. मोजून करायचं काम असल्यामुळे ते चौकटीच्या कागदावर फार सुरेख उतरतं. गोपूर, रथ, पालखी, हत्ती हे पारंपरिक आकार अक्का हातानं काढतात, मी ते कॉम्प्युटरवर चौकटींत बसवते आणि टाका कुठून सुरू करायचा ते मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिते. जुनी इरकल नेसणारी आजी ज्यांच्या घरात होती, अशा पुण्याबंगळूरच्या मुली हे नमुने घेतात, परदेशातूनही मागणी येते. एक पथ्य मात्र पाळा. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे. आपण विकतो तो कागदावरचा नमुना. तो आकार कापडावर नुसता छापून त्याला कसुती म्हणून विकणं म्हणजे हातानं टाके घालणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय देणं.

आता पैशाचा हिशेब. समजा, एक हळदीकुंकवाची पत्रिका करायला बारा तास लागले आणि किंमत ठेवली ४० रुपये. पाचजणींनी घेतली तर २०० रुपये, म्हणजे केलेल्या कष्टांचं चीज झालं नाही. साठजणींनी घेतली तर २४०० रुपये, तासाला २०० पडले. पुढच्या संक्रांतीला तीच पत्रिका पुन्हा विकली जाईल, तेव्हा मेहनत जवळजवळ शून्य. म्हणून तारीख आणि साल छापू नका, जागा मोकळी सोडा. पहिल्या वर्षी हाती फारसं लागत नाही, हे धरूनच चाला. ओळखीत विक्री करायची तर यूपीआयनं थेट खात्यात पैसे येतात. एट्सीसारख्या परदेशी बाजारात मात्र एक नमुना मांडायचे २० सेंट लागतात, ते चार महिन्यांनी किंवा विक्री झाली की पुन्हा. शिवाय विक्रीवर साडेसहा टक्के. तीन डॉलरच्या नमुन्यातून सुमारे ४० सेंट असे जातात, त्यावर पैसे आणण्याचा खर्च वेगळा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक कोल्हापूरचं म्हणजे दुसऱ्या राज्यातलं असलं तरीही. परदेशी विक्री सुरू झाली की मात्र एकदा सीएंचा सल्ला घ्या आणि मिळकत विवरणपत्रात दाखवा. खातं स्वतःच्या नावाचंच असू द्या, यावर मी अडून बसेन. घरखर्चात पैसे आनंदानं घाला, पण किती आले आणि किती घातले, ते आपल्याला ठाऊक असावं.

हक्काची गोष्टही सांगायला हवी. नेटवर सापडलेला गणपती उचलून पत्रिकेवर चिकटवायचा नाही, तो कुणीतरी काढलेला असतो. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९०६ साली निधन झालेल्या राजा रविवर्म्यांच्या मूळ चित्रांवर आज असा हक्क उरलेला नाही, पण कालपरवाच्या चित्रकाराची गोष्ट वेगळी. कॅन्व्हासारख्या ठिकाणची तयार चित्रंही जशीच्या तशी विकता येत नाहीत, नियम वाचून घ्या. आणि आपलंही कुणी उचलतं बरं का! आमची कुबसाची पत्रिका एका छापखान्याच्या नमुन्यांच्या वहीत, खालचं आमचं नाव खोडून, लावलेली मला दिसली. मी मूळ फाइल आणि तिची तारीख घेऊन गेले, आवाज न चढवता दाखवली. पान काढलं गेलं, पैसे काही मिळाले नाहीत. तेव्हापासून नमुना दाखवताना लहान आणि आडव्या अक्षरांत नाव घातलेलाच दाखवतो. एकीनं विकत घेऊन सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत वाटायचं, हे पूर्णपणे थांबवता येत नाही. पण नावं भरून दिलेली पत्रिका दुसऱ्याच्या उपयोगाची नसते, म्हणून तशा कामावर आम्ही भर देतो.

मैत्रिणींनो, या धंद्यात सगळ्यांत अवघड काम कॉम्प्युटरचं नाही. ते आहे किंमत सांगण्याचं. ‘दोन ओळी कन्नडमध्ये लिहून दे ना गं, तुला काय, येतंच की,’ असं म्हणणारी माणसं आपलीच असतात. येतंच, कारण तीस वर्षं दोन्ही भाषांत संसार केला, दोन्हीकडची नाती सांभाळली, दोन्हीकडचे सण केले. अक्कांनी पहिल्यांदा एका नातेवाइकाला कन्नड मजकूर तपासण्याचे १५० रुपये सांगितले, तेव्हा त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. नातेवाइकांनी पैसे दिले आणि पुढच्या कार्यालाही त्यांनाच विचारलं. घरच्या मंगलकार्याला प्रेमानं जरूर करून द्या, पण ते प्रेमानं केलं असं दोघांनाही ठाऊक असू द्या.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. आपल्या घरात मराठी आणि कन्नड दोन्हींत लागणाऱ्या दहा गोष्टी कागदावर लिहा: पत्रिका, तक्ता, ओटीची यादी, काहीही. त्यातली जी बाजारात कुठेच मिळत नाही, तिथून हात घाला. मराठी बाजू तुम्ही तपासा, कन्नड बाजू जाऊ, वहिनी किंवा शेजारीण, जिची भाषा पक्की आहे तिच्याकडून तपासून घ्या. आणि तिचा वाटा पहिल्या विक्रीपासूनच वेगळा काढा.