रात्रीचा रखवालदार आणि परवान्याचा कागद

गोंडपिपरीच्या बाजारपेठेत धानाचा हंगाम आला की गोदामे पोत्यांनी भरतात आणि रात्रीच्या रखवालीचा विषय पेढीवर निघतो. पर्युषणात कुटुंब भद्रावतीला दर्शनासाठी निघाले किंवा लग्नसराईत सारे घर नागपूरला गेले, तर दुकान, गल्ला आणि गोदाम एका माणसाच्या भरवशावर राहते. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हाती देताना मालक त्याचे गाव विचारतो, ओळखीचा हवाला घेतो आणि पगार ठरवतो. कायद्याचा प्रश्न तेथे सहसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित होतो चोरी झाल्यानंतर, पोलीस ठाण्याच्या बाकावर.

रोजगाराच्या शोधात असलेल्या तरुणांच्या बोलण्यात ‘सरकारी सिक्युरिटी लायसन्स’ असा शब्द असतो. कोनसरीच्या लोह प्रकल्पात, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रात काम मिळवायचे तर आधी हे लायसन्स काढावे लागते, असा समज त्यामागे आहे. हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये 2001 च्या कायद्यानुसार कंत्राटी रक्षकाला स्वतःच्या नावाचा, तीन वर्षे मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. भारतात तशी पद्धत नाही. येथे परवाना लागतो तो रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला. ‘खासगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, 2005’ हा केंद्राचा कायदा त्याचा आधार आहे. त्यामुळे शेतमजुराच्या मुलाकडून पाच-दहा हजार रुपये घेऊन ‘गार्डचे लायसन्स काढून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकत आहे. पेढीवर येणाऱ्या हमालाने किंवा गड्याने मुलासाठी सल्ला विचारला, तर एवढे एक वाक्य सांगितल्याने त्याची वर्षाची बचत वाचू शकते.

रक्षकाला खरोखर लागते ते वेगळेच. वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत, भारताचे नागरिकत्व, स्वच्छ चारित्र्य व पूर्वेतिहास, ठरलेली शारीरिक पात्रता आणि पूर्ण केलेले प्रशिक्षण. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या किंवा गैरवर्तनामुळे सैन्यातून वा पोलिसांतून काढलेल्या माणसाला संस्थेने घेता कामा नये. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांनी पुरुषाची उंची किमान 160 सेंटिमीटर, स्त्रीची 150 सेंटिमीटर आणि एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावण्याची क्षमता अशी अट घातली. प्रशिक्षण 100 तास वर्गात व 60 तास मैदानावर, किमान वीस दिवसांत विभागून. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते कमी. आग विझवणे, प्रथमोपचार, ओळखपत्रे तपासणे, गर्दी आवरणे, प्राथमिक माहिती अहवालाची जुजबी जाण, असे विषय त्यात येतात. गणवेशाबरोबर शिट्टी हवी आणि तिच्या दोरीसह ती डाव्या खिशात असावी, इतका बारकावा नियमकर्त्यांनी पाळला आहे. मग आज अंगावर गणवेश चढवून आजच रात्री गोदामावर उभा केलेला माणूस पाहिला, तर हे 160 तास कुठे गेले, हा प्रश्न मालकाने संस्थेला विचारायलाच हवा.

व्यापारी घरातील एखाद्या मुलाला स्वतःच अशी संस्था काढावीशी वाटली, तर त्याचा मार्ग गृह विभागाकडे जातो. राज्य शासनाने नेमलेला, गृह विभागातील सहसचिवाहून कमी दर्जाचा नसलेला किंवा समकक्ष अधिकारी हा नियंत्रण प्राधिकारी असतो. परवाना तो देतो. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपण अपात्र नाही, प्रशिक्षणाची सोय आहे, कोणते गुन्हे नोंदलेले किंवा खटले प्रलंबित आहेत, हे त्यात स्पष्ट लिहायचे असते. पोलिसांकडून ना हरकत प्रमाणपत्र येते, आणि सर्व कागद पूर्ण असलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किमान 45 दिवस द्यायचा, आणि परवाना मिळाल्यावर सहा महिन्यांत काम सुरू करायचे. अर्ज नाकारला गेल्यास गृह सचिवांकडे साठ दिवसांत अपील करता येते.

शुल्काच्या बाबतीत गोंडपिपरीचा भूगोल आडवा येतो. अधिनियमातील शुल्क एका जिल्ह्यासाठी 5,000 रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत 10,000 आणि संपूर्ण राज्यासाठी 25,000 असे आहे. कागदावर एक जिल्हा पुरेसा वाटतो. परंतु वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी, आणि आष्टी गडचिरोली जिल्ह्यात. दक्षिणेला वर्धा नदी ओलांडली की तेलंगणा. तेथे महाराष्ट्राचा परवाना चालत नाही, तेथील प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. ज्याचे ग्राहक दोन्ही तीरांवर आहेत, त्याने पहिल्याच अर्जात दोन जिल्हे धरलेले बरे. परवान्याविना हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूकधारी रक्षक द्यायचा असेल तर शस्त्र अधिनियम, 1959 खालचा परवाना वेगळा. सुरक्षा संस्थेचा परवाना म्हणजे बंदुकीचा परवाना नव्हे.

येथवरचे सारे संस्थेपुरते. दुकानदाराने स्वतः नेमलेला, स्वतः पगार दिलेला रखवालदार या कायद्याच्या परवान्यात येत नाही, कारण दुकानदार रक्षक पुरवण्याचा व्यवसाय करत नाही. महाराष्ट्राचा 1981 चा खासगी सुरक्षा रक्षक अधिनियमही थेट व नियमित नोकराला वगळतो. तो कायदा कंत्राटी रक्षकांसाठी आहे. त्याच्या योजनेत रक्षकाची आणि त्याला कामावर ठेवणाऱ्या मूळ मालकाची नोंद सुरक्षा रक्षक मंडळाकडे होते आणि वेतन व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरली जाते. आपल्या जिल्ह्यात कोणत्या मंडळाची योजना लागू आहे, हे कंत्राट करण्यापूर्वी कामगार कार्यालयात विचारून घ्यावे. मंदिराच्या विश्वस्तांनी तर अवश्य विचारावे. कारण मूर्ती व अलंकार यांच्या रक्षणाचे कंत्राट बहुधा तोंडी दिले जाते.

या फरकाचा सर्वांत कठीण प्रसंग जुन्या रखवालदाराचा. समजा, वीस वर्षे एका राईस मिलच्या फाटकावर बसलेला, साठी ओलांडलेला माणूस आहे. मालकाचा मुलगा शहरातून शिकून येतो आणि सारे कामकाज ‘नियमात’ आणण्यासाठी त्याला एखाद्या संस्थेच्या यादीत घालावयाचे ठरवतो. हेतू चांगला, पण संस्थेच्या यादीत जाताच त्याला वयाची 65 ची मर्यादा, उंचीची पट्टी आणि एक किलोमीटरची धाव लागू होते. काल जो थेट नोकर म्हणून कायद्याच्या कोणत्याही अडथळ्याविना काम करत होता, तो उद्या अपात्र ठरतो, आणि जुन्या नोकरीचा हक्क सांगायला त्याच्यापाशी कागद उरत नाही. त्याला पेढीच्याच हजेरीपटावर ठेवून, नियुक्तीचे साधे पत्र देऊन, पगार बँकेत जमा केला, तर मालकाची बाजू अधिक भक्कम राहते आणि म्हाताऱ्याचे घरही.

संस्थेमार्फत रक्षक घ्यायचाच असेल, तर तिच्या कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जावे. परवाना किंवा त्याची प्रत दर्शनी जागी लावणे तिला बंधनकारक आहे. त्यावरील मुदत आणि जिल्ह्याचे नाव वाचावे; चंद्रपूरचा परवाना आणि गोदाम आष्टीला, असे असू नये. येणाऱ्या रक्षकाकडे संस्थेने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र असते. त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. रक्षकाने नोकरी सोडली की ते ओळखपत्र संस्थेकडे परत जाते. म्हणून माणूस बदलला की वहीतला क्रमांकही त्याच रात्री बदलावा.