१६९ चेंडू आणि एक हात

अमेरिकेतील कॉलेजांत बेसबॉल आपल्याकडच्या क्रिकेटइतक्याच ईर्ष्येने खेळला जातो. फेब्रुवारीच्या मध्याला हंगाम सुरू होतो, नियमित सामनेच ५६ पर्यंत असतात आणि जूनमध्ये ओमाहा शहरात अंतिम स्पर्धा होते. कप कोणी नेला यापेक्षा मला, डॉक्टर म्हणून, चेंडू फेकणाऱ्या पोराच्या हाताची काळजी जास्त वाटते.

२००९ साली टेक्सास विद्यापीठाचा बोस्टन कॉलेजशी सामना झाला. एरवी ९ डावांत संपणारा हा खेळ बरोबरीमुळे २५ डाव, म्हणजे सात तास चालला. टेक्सासच्या ऑस्टिन वुडने त्यातले १३ डाव एकट्याने टाकले. चेंडू किती? १६९! आदल्या दिवशीही तो खेळलेला होता. टेक्सास ३-२ ने जिंकला, पुढे ओमाहाच्या अंतिम फेरीत लुइझियाना स्टेटकडून हरला. त्या रात्रीचे पोवाडे अजून गायले जातात. मला मात्र ते कौतुक पटत नाही.

जोरात चेंडू फेकताना सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे लिगामेंटवर येतो. दमलेला स्नायू विश्रांतीने लवकर ताजा होतो. पण अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाश भरून येतो. त्याला सवड न देता फेकत राहिले की तो विरत जातो, कधी फाटतोही. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक खेळाडूच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून कोपरात बसवली. १९७५ चा अख्खा हंगाम त्याने गमावला, पण नंतर तो १९८९ पर्यंत खेळला. या यशातून एक खुळी समजूतही पसरली, की ऑपरेशनने हात आणखी जोरकस होतो!

तिकडे लहान मुलांच्या 'लिटल लीग'ने २००७ पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त टाकायचे नाहीत. ६६ च्या वर गेला तर चार दिवस सुट्टी. कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र असा आकडा घातलेला नाही, सगळे प्रशिक्षकाच्या मर्जीवर. संघातली जागा टिकवायची असताना वीस वर्षांचा पोरगा 'सर, दुखतंय' म्हणेल का?

आपले वेगवान गोलंदाज याच वाटेने जातात. फरक एवढाच, की त्यांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. उन्हाळी स्पर्धांच्या दिवसांत वडीलच मुलाला घेऊन येतात, 'डॉक्टर, रविवारच्या फायनलपुरतं इंजेक्शन द्या.' मी देत नाही. काही रागावून दुसऱ्या दवाखान्यात जातात, जावोत बापडे.

पालकांनी एक वही करावी. सामन्यातले आणि नेटमधले चेंडू रोज त्यात लिहावेत. गोलंदाजी करताना कंबर एकाच बाजूला दुखत असेल, फेकीनंतर कोपर आतून दुखत असेल किंवा करंगळीला मुंग्या येत असतील, तर त्या दिवसापासून चेंडू टाकणे बंद करावे. मग अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.