डिझेल आमचं, ट्रॅक्टर तुमचा

"डिझेल आम्ही टाकतो की!" ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने हे वाक्य आयुष्यात एकदा तरी ऐकलेलं असतंच. बोलणारा माणूस वाईट नसतो. उलट त्याला मनापासून वाटत असतं की आपण पूर्ण खर्च उचलतोय. ट्रॅक्टर काय, तो तर दारात उभाच आहे. फिरला काय आणि उभा राहिला काय, त्याला काय लागतं?

बरंच काही लागतं, मंडळी. आज त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आमच्या गावाकडचा ट्रॅक्टर धाकटा भाऊ चालवतो. मी पुण्यात नोकरी करतो, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. दर उन्हाळ्यात त्याचा फोन ठरलेला. "दादा, औंदा रोटरचा भाव काय सांगू लोकांना?" प्रश्न चार शब्दांचा, पण त्याच्यामागे अख्खी भावकी उभी असते. चुलते, मामा, बांधाला बांध असलेले शेजारी, आणि शाळेत एका बाकावर बसलेले मित्र. सगळ्यांना रान तयार करून हवंय आणि सगळे 'आपलेच' आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दर ठरवताना माणूस बघू नये. सूट देताना जरूर बघावा. आणि या दोन गोष्टी एकाच आकड्यात कालवू नयेत.

आता जरा हिशेब. कंटाळू नका, आकडे सोपे आहेत आणि उदाहरणापुरते धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा ट्रॅक्टर, रोटर आणि नांगर मिळून १० लाखांना पडले. १० वर्षं वापरले आणि शेवटी १ लाखाला विकले. म्हणजे घसारा वर्षाला ९० हजार. पैसे बँकेचे असोत की घरचे, व्याज धरायलाच हवं. सुरुवातीचे १० लाख आणि शेवटचा १ लाख यांची सरासरी साडेपाच लाख, त्यावर १० टक्क्यांनी ५५ हजार. विमा, शेड वगैरेचे २० हजार. झाले १ लाख ६५ हजार. हा खर्च ट्रॅक्टर एक इंचही न हलता होतो!

आता खरी गंमत पुढे आहे. हा खर्च तासांवर वाटायचा. पुस्तकी हिशेबात ट्रॅक्टर वर्षाला १००० तास चालतो असं धरतात. तसा चालला तर तासाला १६५ रुपये. ६०० तास चालला तर २७५. आणि ४०० तासच चालला तर ४१२. आमच्यासारख्या गावात, जिथे दर पाच-सात घरांमागे एक ट्रॅक्टर आलाय, तिथे १००० तास कुठून आणायचे?

६०० तास धरू. २७५ रुपये यंत्राचे. डिझेल तासाला ५ लिटर, लिटरला ९० रुपये, म्हणजे ४५०. ऑइल, टायर, रोटरची पाती, बेअरिंग यांचे १०० धरा. चालवणाऱ्याचे १००. बेरीज ९२५ रुपये. म्हणजे डिझेल निम्म्याहूनही कमी! "डिझेल आम्ही टाकतो" म्हणणारा माणूस निम्मा खर्चसुद्धा टाकत नाही. आणि उरलेल्या निम्म्यातला चालवणाऱ्याचा भाग तर कुणाच्या खिजगणतीतच नसतो, कारण चालवणारा घरचाच पोरगा. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर तो गेला असता तर त्याला रोज मिळाला असता. स्वतःच्या ट्रॅक्टरवर बसला की फुकट. हे कुठलं गणित?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा आणि अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा "आता भाडं उतरवा" असंही ऐकू आलं. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्याचा फायदा आहेच. पण वरच्या हिशेबात तो बसवून बघितला, तर तासाला सतराएक रुपये वाचतात. तेही नव्या ट्रॅक्टरचे. जुन्याची किंमत भरून झालेली आहे. आणि डिझेल तर जीएसटीत नाहीच. असो.

दर किती, यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न म्हणजे दर कशावर? एकरावर, तासावर, की पोत्यावर?

रोटर साधारण पाच फुटी धरू. एक एकराचं चौकोनी रान असेल तर बाजू सुमारे २०८ फूट. म्हणजे ४२ तासं, आणि तितक्याच वेळा बांधाला जाऊन वळायचं. आता तेच ४० गुंठे चार वेगवेगळ्या तुकड्यांत असले, प्रत्येक तुकडा १०४ फूट बाजूचा, तर एका तुकड्यात २१ आणि चार तुकड्यांत ८४. रान तेवढंच, वळणं दुप्पट! वर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना रोटर उचला, रस्त्याला या, दुसऱ्याच्या पिकाला चाक लागू देऊ नका, हे वेगळंच. उलट तेच ४० गुंठे एका ओळीत असले, ३३ फूट रुंद आणि १३२० फूट लांब, तर सात तासांत काम उरकतं. लोक म्हणतात 'पट्टी आहे, त्रास होईल'. ट्रॅक्टरला लांब पट्टीचा त्रास नसतो, त्रास आखूड तुकड्याचा असतो.

सरळ मोठ्या रानात एकराला सव्वा तासाच्या आत काम होतं असं धरा, तर खर्च १११० रुपयांच्या आसपास. तुकड्यांमध्ये पावणेदोन तासांच्या वर जातो, म्हणजे साडेसोळाशेच्या पुढे. दर एकरावर ठेवला तर मोठं रान असलेला माणूस तुकडेवाल्याचा खर्च भरतो. दर तासावर ठेवला तर तुकडेवाल्याचा खर्च तुकडेवाल्यालाच.

हिशेबाने तासाचा दर बरोबर. पण तुकडेवाला कोण असतो? ज्याच्या आज्याच्या रानाच्या चार वाटण्या झाल्या आणि बापाच्या रानाच्या पुन्हा तीन. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे, तरी तुकडे पडायचे ते पडलेच. तासाचा दर हा या वाटण्यांचा दंड त्या शेवटच्या माणसाकडून वसूल करतो.

म्हणून मी भावाला सांगतो, दर तासाचाच ठेव, पण २० गुंठ्यांच्या आतल्याला वळणाचा वेळ धरू नकोस. आणि हे त्याला तोंडावर सांग. "एवढा वेळ लागला, एवढे झाले, यातले एवढे सोडले." त्याच्यावर उपकार केल्याची जाणीव करून देण्यासाठी नाही बरं का! आपण काय सोडलं हे आपल्याला कळावं म्हणून. जी सूट वहीत लिहिली जात नाही ती सूट नसते, ती गळती असते.

मळणीचा दर मात्र आमच्याकडे पोत्यावर असतो, आणि त्यात मला एक शहाणपण दिसतं. सोयाबीन चांगलं झालं तर मळणीवाल्यालाही चार पैसे जास्त. पावसाने मारलं तर त्यालाही कमी. म्हणजे तोटा दोघांत वाटला जातो. नांगरटीला तसं करता येत नाही, कारण तेव्हा पीक कशाचं आणि पोतं कशाचं!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फार रोखठोक झालं. पूर्वी गावात असं नव्हतं. सावड होती. आज माझं औत तुझ्या रानात, उद्या तुझं माझ्या रानात. पैशाचं नावही नाही.

खरं आहे. पण सावड चालायची कारण दोघांच्याही दावणीला बैल होते. देणं आणि फेडणं एकाच मापाचं होतं. ट्रॅक्टरने ते माप मोडलं. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, तुझ्याकडे नाही. मी तुझं रान दोन तासांत तयार करून दिलं तर तू ते कशाने फेडणार? कुणी भांगलायला माणसं पाठवतं, कुणी कडब्याच्या पेंढ्या आणून टाकतं. ते गोड आहे, घ्यावं. पण ट्रॅक्टरच्या हप्त्याला बँक कडबा घेत नाही. जिथे फेड बरोबरीची होऊ शकत नाही, तिथे दर सांगणंच जास्त सन्मानाचं. फुकट काम करून घेणाऱ्याला पुढच्या वेळी विचारायलाही जड जातं. पैसे देणारा ताठ मानेने फोन करतो, "उद्या ये रे."

वापशाच्या दिवसांचंही तेच. पहिला पाऊस पडून रानात वापसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. तेव्हा काहीजण दर चढवतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा हंगामाचा दर आधीच जाहीर करावा आणि फेब्रुवारी-मार्चच्या रिकाम्या दिवसांत नांगरट करून घेणाऱ्याला कमी लावावा. आकडे तेच राहतात, पण अडलेल्याला लुटल्याचा डाग लागत नाही. आणि वापशाला नंबर ज्याने आधी सांगितलं त्याचा. मग तो मामा असो नाहीतर कुणीही.

उधारीबद्दल न लिहिणं बरं, पण लिहितोच. सुगीला देतो म्हणणारा बहुतेक वेळा देतोही. पण पंपावर भावाला डिझेल रोख घ्यावं लागतं. सहा महिने एक लाख बाहेर राहिले तर १२ टक्क्यांनी सहा हजार गेले. ते कुठल्याच दरात धरलेले नसतात. त्यामुळे आमचा नियम साधा आहे. डिझेल आणि चालवणाऱ्याचे पैसे जागेवर, यंत्राचे सुगीला. ज्याला नड आहे त्याला हे जमतं, आणि ज्याला द्यायचेच नाहीत तो दुसरा ट्रॅक्टर शोधतो. दोन्ही चांगलंच.

शेजारच्या गावात एकाने सगळ्यांपेक्षा कमी दर लावला होता. धंदा भरपूर. वर्षभर ट्रॅक्टर थांबला नाही. मग टायर गेले, क्लच गेला, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि ट्रॅक्टर विकून तो मोकळा झाला. गावाला मात्र त्या दराची सवय लागली. आता तिथे वापशाला ट्रॅक्टर लवकर मिळत नाही, कारण त्या भावात यायला कुणी तयार नाही. स्वस्त दराचं ओझं शेवटी त्या गावानेच उचललं.

म्हणून मला वाटतं, दर असा असावा की हा ट्रॅक्टर संपेल तेव्हा दुसरा घेता आला पाहिजे. त्याच्या वर मागणं हाव, आणि त्याच्या खाली मागणं म्हणजे ट्रॅक्टरच रोज थोडा थोडा कापून गावाला वाटणं. भाऊ मला म्हणतो, "दादा, तुझं बरोबर आहे, पण चुलत्यांना हे तू सांग." सांगतो ना. म्हणून तर इथे लिहिलं! आमचे बरेच पाहुणे हे वाचतात. रागावू नका, पुढच्या हंगामाचा दर अक्षयतृतीयेला कळवतो, सगळ्यांना एकच.

तुमच्या गावी एकरावर घेतात की तासावर? आणि घरच्या माणसाचं काय करता? जरूर कळवा.