टाकाऊ चित्रपटांनाही कपाट हवे

नोएडाच्या सेक्टर १६ अ मधल्या फिल्म सिटीत आज चित्रपटांपेक्षा वृत्तवाहिन्याच जास्त दिसतात. आता यमुना द्रुतगती मार्गालगत सुमारे १,००० एकरांवर दुसरी, कितीतरी मोठी फिल्म सिटी उभी राहायची आहे. चित्रपट बनवायला आपल्याकडे जागा निघते. बनलेला चित्रपट ठेवायचा कुठे, हे विचारले की सगळे गप्प बसतात. त्यातून तो स्वस्तातला राक्षसपट असेल, तर विचारणाऱ्यालाच हसतात.

उदाहरण 'गोगोला'चे घ्या. १९६६ साली मुंबईत बनलेला, बलवंत दवे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट. समुद्रातून एक राक्षस वर येतो आणि मुंबईवर चाल करतो, अशी कथा. भूमिका आझाद आणि तबस्सुम यांच्या. 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मुळे पुढे घराघरात पोचलेली तबस्सुम ती हीच. संगीत रॉय-फ्रँक यांचे. गाणी आजही ऐकायला मिळतात. चित्रपट मात्र हरवला आहे.

'हरवला तर हरवला, असल्या चित्रपटाने काय मोठे नुकसान झाले?' असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्याशीच माझे भांडण आहे.

त्याच काळातला एक अमेरिकी चित्रपट पाहा: १९६४चा 'द हॉरर ऑफ पार्टी बीच'. तुटपुंज्या पैशात काढलेला. किनाऱ्यावर गिटारच्या तालावर नाचणारी पोरे, समुद्रात फेकलेल्या किरणोत्सारी कचऱ्यातून उठलेले राक्षस आणि शेवटी सोडियमने त्यांचा नायनाट. राक्षसांचे सोंग तर गावजत्रेतही शोभणार नाही. पण तो शाबूत आहे. लोक तो बघतात, पोट धरून हसतात, आणि अणुकचऱ्याची भीती तेव्हाच्या तरुणांच्या करमणुकीत कशी शिरली होती हेही ज्याला पाहायचे त्याला त्यात दिसते. जपानच्या १९५४च्या 'गॉडझिला'मागे हायड्रोजन बॉम्बची सावली होती, हे तर आता सर्वांनाच माहीत आहे.

मग १९६६च्या मुंबईच्या समुद्रातून वर आलेल्या राक्षसामागे कोणती सावली होती? आदल्या वर्षी युद्ध झाले होते. त्या वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. धान्याची टंचाई होती. या सगळ्याचा त्या राक्षसाशी काही संबंध होता, की तो नुसता रबराचा बागुलबुवा होता? दोन्ही शक्य आहे. पण उत्तर द्यायला चित्रपट समोर हवा, आणि तोच नाही. त्याला टाकाऊ ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही.

आपल्या फिल्म सोसायट्यांनी प्रेक्षकांच्या पिढ्या घडवल्या, हे ऋण मान्य आहे. पण त्यांनी एक सवयही लावली: चांगले ते निवडायचे आणि उरलेल्याकडे पाठ फिरवायची. निवड करणे हे समीक्षकाचे काम आहे. संग्रहालयाने तीच चाळण हाती घेतली, तर पुढच्या पिढीला आपलीच आवडनिवड तेवढी मिळेल, आपला काळ मिळणार नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे 'गोगोला'च्या दोन वर्षे आधी. पी. के. नायर यांनी तिथे जन्मभर फिल्मची रिळे जमवली, तीही चांगले-वाईट असा भेद न करता. पण एका माणसाच्या ध्यासाने कायद्याची उणीव भरून निघत नाही. प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या, असा कायदा १९५४पासून आहे. ग्रंथपाल 'पुस्तक दर्जेदार आहे का?' असे विचारत बसत नाही. चित्रपटाची प्रत संग्रहालयात द्या, अशी सक्ती मात्र आपण केली नाही. सेन्सॉरने पाहायचा, प्रमाणपत्र द्यायचे, आणि पुढे रिळांतली चांदी काढायला कोणी ती विकली तरी कोणाला त्याचे काही नाही.

मराठी वाचकाला तरी हे पटायला हरकत नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयांतून फाटेपर्यंत फिरल्या, आणि साहित्याच्या दरबारात बराच काळ त्यांना दाराशीच उभे केले गेले. पण पुस्तके टिकली. राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या 'तुंबाड'मागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्या 'हलक्या' कथा तेव्हाच रद्दीत गेल्या असत्या, तर हा चित्रपट कुठून आला असता? 'गोगोला' पाहून कोणाला काय सुचले असते, हे आता कळायला मार्ग नाही.

'सगळेच कसे सांभाळणार? खर्च केवढा!' हा आक्षेप येईलच. पण मी प्रत्येक चित्रपट नव्यासारखा करून द्या असे म्हणत नाही. एक प्रत ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, एवढेच म्हणतो. १,००० एकरांत स्टुडिओ उभारणाऱ्यांनी त्यातला एक एकर अशा गोदामाला द्यावा, आणि दारावर रसिक बसवू नये. तिथे स्वस्तातले भूतपट यावेत, भोजपुरी मारधाड यावी, पडेल मराठी विनोदी चित्रपटही यावेत. त्यांना हसायचे की रडायचे, हे पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला ठरवू द्या.