खीर पुन्हा उकळली तरी

मे महिन्यात माणगाव तालुक्यात लग्नांची दाटी असते. मुंबईचे, आखातातले नातेवाईक सुट्टीवर आलेले असतात, देगा चढतात, आणि दुपारच्या दावतीतली खीर रात्रीपर्यंत तशीच पातेल्यात राहते. "एक उकळी काढा, काही होत नाही," असे सांगणाऱ्या एखाद्या खाला प्रत्येक घरात असतातच. त्यांचे म्हणणे आम्हाला अर्धेच पटते.

स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू साधारण तिघांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो. हातावरच्या फोडातून, कापलेल्या बोटातून तो खिरीत उतरतो, उकाड्यात भराभर वाढतो आणि एक विषारी प्रथिन बाहेर सोडतो. उकळीने जंतू मरतो, पण आधीच बाहेर पडलेले हे विष टिकून राहते. चव बदलत नाही, वासही येत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात. अशा वेळी कपाटातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढू नयेत, विषावर त्या चालत नाहीत. ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. मूल सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

हे प्रथिन जंतूच्या घट्ट पडद्यातून बाहेर पडते कसे? त्याच्या टोकाला पत्त्याच्या चिठ्ठीसारखा एक छोटा तुकडा असतो. तो ओळखून 'सेकए' नावाचे प्रथिन त्याला 'सेकवाय' या दारातून बाहेर ढकलते. चिठ्ठी दारातच कापली जाते. पण हे दार केवळ विषासाठी नाही, जंतूच्या आवरणाची बांधणीही त्यावरच अवलंबून असते. जपानच्या केओ विद्यापीठातल्या संशोधकांनी ई. कोलाय या जंतूची जनुके एकेक करून काढून पाहिली. २००६ साली त्यांनी जाहीर केले, की सुमारे ४,३०० पैकी ३०३ जनुके काढता आली नाहीत. सेकए आणि सेकवाय त्यांतलीच. माणसाच्या पेशीतही असेच दार आहे, पण ढकलणारे सेकए नाही. म्हणूनच सेकए अडवणारे औषध शोधण्याची धडपड चालू आहे.

ते औषध आले तरी पातेल्यातल्या विषावर चालणार नाही. खीर दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये जावी, तीही उथळ भांड्यांत, म्हणजे लवकर थंड होते. आणि बोटाला पट्टी बांधलेल्या भाच्याला वाढपात घेऊ नये, मेहमानांच्या गाड्या लावायला पाठवावे.