‘आमच्या वेळची कार्टून्स’ आपली होती कधी?

तिशी ओलांडलेल्या आमच्या पिढीचं एक आवडतं रडगाणं आहे : ‘आमच्या वेळची कार्टून्स’. कर्जत-खोपोलीच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एखादा कोलाज येऊन पडतो. मोगली, टॉम अँड जेरी, स्कूबी-डू, हीमॅन. शक्तिमान कार्टून नव्हता, पण तोही कोलाजमध्ये असतोच. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया. ‘काय ते दिवस!’ ‘आजच्या पोरांच्या नशिबी मोटू-पतलू.’ ‘कार्टून्स बिघडली म्हणून पोरं बिघडली.’ हिंदू मित्र हेच लिहितात, मुसलमान मित्रही हेच लिहितात. आमच्या तालुक्यात एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याच विषयावर होत नाही.

मला हे एकमत मान्य नाही. जुनी कार्टून्स मलाही आवडायची. पण आजच्या मुलांना काय दाखवावं याचं उत्तर त्या कोलाजमध्ये नाही, आणि आपण मराठी मुसलमानांनी तर ते तिथे शोधूच नये.

आधी त्या निरागसपणाबद्दल. हीमॅनची मालिका १९८३ साली आली. त्याच्या आधी मॅटेल कंपनीची हीमॅनची खेळणी दुकानात आली होती. खेळणी खपावीत म्हणून गोष्ट रचली गेली. ट्रान्सफॉर्मर्सचंही तेच, तिथे कंपनी हॅस्ब्रो. छोटा भीमचं दप्तर हवं म्हणून रडणाऱ्या मुलीवर आपण डाफरतो, पण हा धंदा आपल्या लाडक्या हीमॅनच्या काळातच रुळला होता.

टॉमला झाडूने झोडपणारी बाई आठवते? तिचे फक्त पाय दिसायचे, चेहरा जवळजवळ कधीच नाही. ती काळी मोलकरीण होती, आणि अमेरिकेत काळ्या बायकांची टवाळी करण्याचा तो जुना साचा होता. २०१४ साली ॲमेझॉनने या भागांवर वांशिक पूर्वग्रहाची सूचना लावली. डिस्नेच्या १९९२ च्या ‘अल्लादीन’मध्ये सुरुवातीच्याच गाण्यात अरबांचा देश म्हणजे चेहरा आवडला नाही तर कान कापणारा देश, असं म्हटलं होतं. अमेरिकेतल्या अरबांच्या एका नागरी संघटनेने हरकत घेतली आणि १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत त्या ओळी बदलाव्या लागल्या. स्कूबी-डूमधला भित्रा शॅगी आपल्या सगळ्यांचा आवडता. त्याचा मूळ इंग्रजी आवाज केसी केसम यांचा, घराणं लेबनॉनचं. ते ट्रान्सफॉर्मर्सलाही आवाज द्यायचे. त्या मालिकेत ‘कारबॉम्ब्या’ नावाचा एक अरब देश दाखवायचं ठरलं, तेव्हा केसम यांनी ते काम सोडून दिलं.

या माणसांनी ‘कार्टून हराम आहे’ असं म्हटलं नाही, आणि ‘कार्टूनच तर आहे, सोडा’ असंही म्हटलं नाही. नेमकी ओळ, नेमकं नाव पकडून हरकत घेतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुन्या काळात चांगलं काहीच नव्हतं का? होतं. दूरदर्शनवर १९९३ साली आलेली ‘जंगल बुक’ मालिका मूळची जपानी, पण हिंदीत तिच्या शेरखानला आवाज होता मुरूडच्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या, नाना पाटेकरांचा. रविवारी सकाळी अर्धा तास लागायची आणि संपायची. संपायची, हे महत्त्वाचं. मग पोरं मैदानात पळायची, आणि सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिलेली असायची. पारध्याचं जाळं घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची ‘एक अनेक और एकता’ ही १९७४ ची फिल्म केली विजया मुळे या मराठी बाईंनी, आणि ॲनिमेशन होतं भीमसेन यांचं. ती कुठलंही खेळणं विकत नव्हती.

आणि खास आपली म्हणावी अशी होती बालचित्रवाणी. १९८४ साली पुण्यात सरकारी खर्चाने सुरू झालेली ही संस्था मराठी मुलांसाठी कार्यक्रम बनवायची आणि ते दूरदर्शनवर लागायचे. शाळेला दांडी पडली की सकाळी आम्ही तेच पाहायचो. पुढे केंद्राचा निधी आटला, राज्याने भार उचलला नाही, आणि २०१७ साली संस्था बंद झाली. मोगलीसाठी हळहळणाऱ्या कितीजणांना याची खबर तरी लागली?

पण या चांगल्या काळातही आपण कुठे होतो? ताम्हनकरांचा गोट्या टीव्हीवर आला, भागवतांचा फास्टर फेणे आला. दोघेही मला आवडायचे. मात्र मराठी बोलणारी, घरी अम्मीच्या मागे लागणारी, शाळेत स्नेहसंमेलनात नाचणारी, पहिला रोजा दुपारीच सोडणारी एखादी सना मुलांच्या मराठी पडद्यावर पाहिल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं का? माझ्या वर्गातली कातकरी आणि ठाकर मुलंही त्या पडद्यावर नव्हती. त्यांच्या मानाने आपलं दुखणं लहानच.

मुसलमान दिसायचा, पण कसा, ते आपल्याच भागात पाहा. नितीन देसाईंच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी अकबराचा किल्ला उभा राहिला. नेरळच्या एखाद्या साध्या मुसलमान घराचा सेट तिथे उभा राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका पार्क सुरू झालं. त्यात अलीबाबा आणि चाळीस चोरांची राइड आहे आणि भुताटकीच्या महालाचं नाव सलीमगढ. यामागे कुणाचा वाईट हेतू असेल असं मी म्हणत नाही. पण बादशहा, चोर आणि भूत यांच्या मधला जो आपण आहोत, रिक्षा चालवणारा, शिक्षक, नर्स, सातच्या कर्जत लोकलला लटकणारा, तो कुणाच्या कल्पनेत येतच नाही. घरोघरी मुलं पाहतात त्या ‘तारक मेहता’मध्येही गोकुळधामच्या फ्लॅटांत सगळा भारत राहतो, आणि अब्दुलचं मात्र दुकान असतं.

‘तुम्ही मुस्लिम? पण तुमचं मराठी किती छान आहे!’ हे वाक्य हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने ऐकलं असेल. बोलणारा कौतुकच करत असतो. पण सातशे वर्षं या कोकणात राहून, याच भाषेत भांडून, याच भाषेत झोपी जाऊन आपल्या मराठीचं आश्चर्य का वाटावं? कारण लहानपणी त्याने मराठी बोलणारा मुसलमान पडद्यावर कधी पाहिलाच नाही.

‘एवढं काय, सगळ्यांनी एकच मोगली पाहिला, तीच खरी एकता’ असं मला काही मित्र सांगतात. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईत भाड्याने घर शोधत होतो. एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याच वयाचे. चहा झाला. शक्तिमानवर मनसोक्त गप्पा झाल्या, दोघांनाही सगळे खलनायक पाठ. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं, आणि फ्लॅट कालच गेल्याचं त्यांना आठवलं. एकच मालिका पाहून आम्ही शेजारी झालो नाही. शेजारी व्हायला त्या मालिकेत मीही दिसायला हवा होतो.

आता आजचं बघू. छोटा भीम २००८ साली आला. त्याच्या लाडवांबद्दल किंवा त्याच्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. महाभारतातली नावं कळल्याने मुलाचं ईमान डळमळत नाही. माझी तक्रार आहे की नेरळच्या पोराचं बालपण ढोलकपूरच्या हिंदीत जातं. काही वाहिन्यांवर आता मराठी आवाज मिळतो, पण त्यात भाषा बदलते, गाव तेच राहतं.

खरा बदल फोनमुळे झाला, आणि हे माझ्या कामाशी जवळचं असल्यामुळे नीट सांगतो. तुमच्या मुलीपुढे पुढचा व्हिडिओ कुठलाही माणूस ठेवत नाही. मागे काय पाहिलं, कुठे थांबली, कुठे पुढे सरकवलं, यावरून प्रोग्राम अंदाज बांधतो की काय दाखवलं तर ती जास्त वेळ बसेल. ‘चांगलं’ याचं माप त्याच्याकडे नाही, मिनिटांचं आहे. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल २०१९ साली अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, ते याच धंद्यातून. घरात आजी नात ऐकते, तर नातीला त्याच वळणाचे व्हिडिओ येऊ लागतात. शेजारच्या घरी आजोबा भजन ऐकतात, तिथे दुसरंच काही. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींचे दोन पडदे होतात. रविवारचा तो अर्धा तास गेला, त्याचं खरं नुकसान हे आहे.

यावर आपल्या मोहल्ल्यात दोन उत्तरं मिळतात. पहिलं, टीव्ही-फोन बंद करा. ज्या घरात आई-बाप दोघं कामावर जातात त्यांना हे सांगून पाहा. दुसरं, ‘इस्लामी कार्टून्स’ लावा. दुआ शिकायला ती उपयोगी पडतात, जरूर लावा. पण त्यांतल्या अनेकांत सगळेच मुसलमान, तेही कुठल्या गावचे कळत नाही, आणि भाषा हिंदी-उर्दू. त्यात भाताची खाचरं नाहीत, घाट नाही, ईदला डबा नेऊन द्यायला शेजारच्या पाटीलकाकी नाहीत. म्हणजे बाहेरच्यांनी आपल्याला वगळलं आणि आपण शेजाऱ्यांना वगळलं. हिशोब सारखा झाला, पण मुलगी एकटी ती एकटीच.

मलेशियाचं ‘उपिन आणि इपिन’ पाहा. २००७ साली रमजानच्या निमित्ताने सुरू झालं. दोन जुळे भाऊ रोजा ठेवायला शिकतात. पण त्यांच्या गावात चिनी मेई मेई आहे, तमिळ राजू आहे, शीख जरजीत आहे. मलेशियात सगळं आलबेल आहे असं नाही. तरीही मुलांच्या गावात सगळी मुलं असावीत, एवढं त्यांना सुचलं. मराठी मुलांच्या गावात सना असावी, ही मागणी याहून मोठी नाही.

मागायचं काय, तेही सांगतो. बालचित्रवाणीचा साठा जनतेच्या पैशाने बनला आहे, तो सगळा सर्वांसाठी मोफत खुला करा. सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी रोज एक ठरलेली वेळ द्या. एन. डी. स्टुडिओ आता राज्याच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला आहे. त्यातला एक कोपरा मराठी बालकार्यक्रमांना द्या आणि रायगडच्या मुलांना तिथे काम शिकवा. हे पत्र आमदाराला, खासदाराला, महामंडळाला लिहा. अल्लादीनच्या ओळी हरकतीमुळेच बदलल्या होत्या.

आणि सरकारची वाट पाहत बसायचं कारण नाही. २०२५ साली ‘फ्लो’ या लाटव्हियातल्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं. तो ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर बनला आहे. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखांहून कमी. आपल्या रायगड जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २६ लाख. आपल्याकडे इंजिनीअर पोत्याने आहेत, चित्रं काढणाऱ्या मुली आहेत, गोष्टी सांगणाऱ्या नान्या आहेत. जलशाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग पाच मिनिटांच्या एका भागाला पुरेल.

गोष्टही शोधायला नको. नेरळहून माथेरानला २१ किलोमीटर चढणारी झुकझुक गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधली. १९०७ साली ती धावू लागली. इंग्लंडातल्या एका पाद्र्याने बोलक्या इंजिनांच्या गोष्टी लिहिल्या, त्यातून जगभरची मुलं थॉमस इंजिन ओळखतात. आपलं इंजिन मुसलमान माणसाने बांधलेलं, आदिवासी वाड्यांजवळून जाणारं, मराठीत शिट्टी मारणारं. डब्यात बसवा सनाला, ठाकरवाडीच्या मुलाला आणि पाटीलकाकींच्या नातवाला. पहिला भाग कोण लिहितंय ते सांगा, कोड आणि कॉम्प्युटरचं काम मी करतो.