जुन्या इंजिनाचे मोल

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी व सांगे या भागांत कितीतरी खनिजवाहू ट्रक अंगणांत उभेच राहिले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरचा संसार अशाच ट्रकावर चालत असे. भंगारवाला दारी येतो, वजनाचा भाव सांगतो आणि इंजिन काट्यावर घालू पाहतो. इंजिनाचे मोल असे काट्यावर ठरवणे आम्हांस मुळीच मान्य नाही. तथापि वडिलांच्या हातचे आहे एवढ्यासाठी त्यात कर्जाचा पैसा ओतणे हेही शहाणपण नव्हे. आधी मोजमाप व्हावे, मग भाव.

इंजिनाचा आवाज ऐकून लोक भुलतात. नवा रंग दिलेला असला तर विचारूच नये! वास्तविक पिस्टन, रिंगा, बेअरिंगे ही झिजायचीच, आणि ती बदलता येतात. खरी मत्ता ब्लॉक, हेड व क्रँक यांत असते. ब्लॉक तडकला असेल तर बोलणेच खुंटले. क्रँक मात्र घासून पुन्हा वापरता येतो. प्रत्येक खेपेस साधारणतः पाव मिलिमीटर जातो व त्या मापाची जाड बेअरिंगे घालतात. पण ही सवलत तीन-चार खेपांचीच. पूर्वी तो किती वेळा घासला गेला, हे मायक्रोमीटर लावल्यावाचून जो मेस्त्री सांगतो, त्याचे आम्ही तरी ऐकणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्क्रूगेज हा त्याच मायक्रोमीटरचा धाकटा भाऊ. दहावी झालेल्या मुलाने मेस्त्रीशेजारी उभे राहून ती मापे वहीत उतरून घ्यावीत.

उभ्या इंजिनाची गोष्ट आणखी निराळी. धावत्या इंजिनाला तेल राखते, उभ्याला आमचा पावसाळा खातो. सायलेन्सरवाटे पाणी उतरते आणि ज्या सिलिंडरचा व्हाल्व उघडा राहिला असेल तेथे गंज धरून पिस्टन जाम होतो. असा ट्रक ओढून चालू करणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकवून घेणे. नोझल काढून त्या भोकांतून थोडे डिझेल सोडावे, आठवडाभर मुरू द्यावे, मग फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून पाहावे. फिरले म्हणून हुरळू नये. चेंबरातील तेल दुधासारखे निघाले तर पाणी आत शिरले आहे. बेअरिंगे उघडलीच पाहिजेत. हेड उतरल्यावर लायनरच्या वरच्या कडेशी नख फिरवावे. तेथे पायरी लागली तर लायनर झिजला.

एवढे होईपर्यंत भंगारवाल्याला पंधरा दिवस थांबवावे. लोखंड कोठे पळून जात नाही.